रेघ खाली टेकवू नकोस

भाभी, तू यायच्या आधी आपलं घर कसं होतं ते तुला कोणी धड सांगितलं नव्हतं. बा सांगणाऱ्यातला नव्हे. दादाला चार वाक्यं जोडून बोलायचं म्हणजे घाम फुटतो. आणि मला लाज वाटायची. आता तू नाहीस, तर लाज कसली. सांगते.

आई गेल्यापासून आमचं वर्ष कणगी ठरवायची. शेत डोंगराच्या उतारावर, माती कमी आणि दगड जास्त. दिवाळीच्या सुमाराला जी ज्वारी-मका हाती लागायची ती कणगीत पडायची. बांबूची विणलेली, शेणानं लिंपलेली, माझ्याहून उंच अशी ती कणगी घराच्या मागच्या कुडाला टेकून उभी असायची, घरातलं चौथं माणूस असल्यासारखी. ती भरली की बा तिला हात जोडायचा. ती रिकामी झाली की बा घराला ताटी बांधायचा. मग मोलगीपर्यंत पायी, मोलगीहून जीप, पुढे ट्रक, आणि गुजरातेत उसाचे फड. बा आणि दादा ऊस तोडायचे, मी प्लास्टिकच्या झोपडीत भाकरी थापायचे. होळीला सगळा डोंगर परत येतो, तसे आम्हीही यायचो. वर्गात पोरं कुठल्या धड्यावर पोचली आहेत ते मला उमगेपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी लागायची.

बाचे दोन नियम होते. कणगीत दाणा असताना घराला ताटी बांधायची नाही, कारण आत कणसरी बसलेली असते. ती धान्याची आई, तिला कोंडून जाता येत नाही. आणि दुसरा नियम, कणगी मोजायची नाही. मोजलेलं सरतं. त्यामुळे धान्य कधी संपणार ते घरात कोणालाच माहीत नसायचं. एखाद्या सकाळी धान्य काढणारी करवंटी कणगीच्या बुडाला खरवडायची. तो आवाज आला की बा ताटी काढायला उठायचा. मी दप्तर खुंटीला अडकवायचे आणि भांडी बांधायला घ्यायचे. आजही खडू फळ्यावर करकरला की मला तो आवाज ऐकू येतो.

त्या घरात तू आलीस, माझी दहावी लागायच्या आधीच्या उन्हाळ्यात.

तुझ्याबद्दल पाड्यातल्या बाया काय बोलायच्या ते तू ऐकत होतीस. पोरीच्या बापाला बैल दिला, बकऱ्या दिल्या, आणि आणली काय तर आजारी पोरगी. तुला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे हे लग्नानंतर कळलं. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी सांगितलं की उपाशी राहायचं नाही, थंडीत राबायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं. तू घरी येऊन हसलीस आणि म्हणालीस, पाणी प्यायला सांगितलंय ते बरं, तेवढंच फुकट आहे. बायांना उत्तर तू एकदाच दिलंस, पाणवठ्यावर, सगळ्यांसमोर. "बैल म्हातारा होता," म्हणालीस, "तो गेला. मी अजून आहे." त्या दिवसापासून मला तू आवडायला लागलीस.

तू धडगावकडच्या आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकलेली. पुढचं राहिलं. घरात आपण आपल्या बोलीत बोलायचो, पण माझं गणिताचं पुस्तक उघडलं की दोघीही मराठीत शिरायचो, कारण अक्ष, आलेख, छेदनबिंदू या शब्दांना आपल्या बोलीत जागाच नाही. बाला वाटायचं आपण मंत्र म्हणतो. तू मला मास्तरीण म्हणायचीस, चिडवून. मी अजून पास व्हायची होते.

दिवाळी झाली, कणगी भरली, आणि सरांनी दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचा धडा काढला. सर शहाद्याकडचे, शिकवताना पुस्तकी मराठी आणि रागावले की अहिराणी. आलेख म्हणजे काय ते माझ्या डोक्यात शिरेना. आडवी रेघ म्हणजे एक्स-अक्ष, उभी म्हणजे वाय-अक्ष, समीकरणातून ठिपके काढायचे, ठिपके जोडले की सरळ रेघ. एक्स शून्य घेतला की रेघ उभ्या अक्षाला कुठे भेटते ते कळतं, वाय शून्य घेतला की आडव्याला कुठे भेटते ते. पाठ होतं सगळं. पण ही रेघ कशाची, कोणाची, कुठून कुठे निघाली, ते काही केल्या कळेना. मी चुलीपाशी बसून रडत होते. तू कणगीकडे बघत होतीस.

मग तू उठलीस, पालथ्या उखळावर चढलीस आणि बांबूची एक सरळ काठी कणगीत बुडापर्यंत खुपसलीस. बा बकऱ्या घेऊन वर गेला होता. काठी बाहेर काढून तू तिच्यावर विती टाकल्यास. आठ भरल्या.

मी म्हटलं, भाभी, बाला कळलं तर. तू म्हणालीस, बाला वाय-अक्ष कुठे माहीत आहे.

कणगीमागच्या कुडावर तू पांढऱ्या मातीनं चौकटी काढल्यास, दोरा भिजवून, ताणून, झटका देऊन. खाली आडवी रेघ, तिच्यावर मोलगीचे आठवड्याचे बाजार, एकापुढे एक. डावीकडे उभी रेघ, तिच्यावर विती. दिवाळीच्या बाजाराला आठ, तो पहिला ठिपका, उभ्या रेघेवरच. दर बाजाराला बा मीठ-मिरची आणायला मोलगीला गेला की आपण काठी बुडवायची. दुसऱ्या बाजाराला सात विती. चौथ्याला सहा. ठिपके एका ओळीत उतरत होते, ओढ्याला निघालेल्या बकऱ्यांसारखे. पाड्यातल्या एका म्हातारीनं आत डोकावून विचारलं, ही कुठल्या देवाची रांगोळी. तू सांगितलंस, गणिताच्या देवाची, पावला तर नोकरी देतो, कोपला तर नापास करतो. म्हातारीनं त्या देवालाही हात जोडले.

समीकरण मीच मांडलं. एक्स अधिक दोन वाय बरोबर सोळा. एक्स शून्य, तर वाय आठ, म्हणजे दिवाळीची कणगी. त्या क्षणाला मला आलेख कळला, भाभी. जन्मभरासाठी कळला. मी आनंदानं दुसरा छेद काढायला घेतला, वाय शून्य. दोन वाय गेला. उरलं, एक्स बरोबर सोळा.

सोळावा बाजार. बोर्डाची परीक्षा त्यानंतर सुरू होत होती.

इतकी वर्षं ती सकाळ न सांगता यायची. आता ती समोर कुडावर होती, तिला जागा होती. कणगीत सहा विती धान्य होतं, बा निवांत होता, दादा बासरी वाजवत होता, आणि आपल्या दोघींनाच माहीत होतं की सोळाव्या बाजारानंतर या घराला ताटी लागणार. मला कोणाच्या भरवशावर मागे ठेवायचं हा बाचा जुना प्रश्न. वसतिगृहात माझं नाव लागलं नव्हतं, रेशनच्या कार्डावर आपल्या दोघींची नावं चढली नव्हती. परीक्षेचा फॉर्म भरलेला होता, आणि रेघ त्याच्या अलीकडेच जमिनीला लागत होती.

मी कोळसा घेऊन ठिपक्यांवरून रेघ ओढायला लागले. ती खाली आडव्या अक्षाच्या जवळ आली तसा तू माझा हात धरलास.

"खाली टेकवू नकोस."

मी म्हटलं, टेकवली नाही तर छेदनबिंदू दाखवणार कसा, सर गुण कापतील. तू म्हणालीस, वहीत टेकव, घरात नको. मी म्हटलं, रेघ टेकवल्यानं काही होत नाही, धान्य रेघेनं संपत नाही, खाण्यानं संपतं. तुला हे सगळं माझ्याएवढंच कळत होतं. तरी तू हात सोडला नाहीस. कणगीत काठी घालायला तू घाबरली नव्हतीस, आणि एवढ्याशा कोळशाला घाबरलीस. यावरून आपलं जे वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. रेघ अक्षाच्या चार बोटं वर तशीच अर्धी राहिली. पुढे मी भाकरी थापताना मागे वळून बघायचे, तर ती लोंबकळत असायची, खाली यायची वाट बघत.

त्या रात्री तू विचारलंस, अक्षाच्या खाली काय असतं. मी म्हटलं, ऋण. म्हणजे काय? म्हणजे नसलेलं. मग म्हणालीस, नसलेलं पण मोजतात का तुमच्या शाळेत?

सहाव्या बाजाराला पाच विती यायला हव्या होत्या. काठी काढली तर धान्य पाचच्या दोन बोटं वर. पुन्हा बुडवली, पुन्हा तेच. मी ठिपके कागदावर उतरवून सरांना दाखवले. काय मोजलंय ते सांगितलं नाही, नुसतं आलेख तपासा म्हटलं. सरांनी ठिपक्यावर पेन टेकवलं आणि म्हणाले, "हाऊ ठिपका चुकी गया तुन्हा." तीन ठिपके एका रेघेत आणि चौथा बाहेर, म्हणजे चौथाच चुकला, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं.

पण मी दोनदा मोजलं होतं. ठिपका खरा होता. मग घरात काय बदललं ते बघत बसले. दोन दिवस तुझ्यावर नजर ठेवली. भाकरी तू सगळ्यांना वाढायचीस आणि स्वतः चुलीच्या कडेला तोंड फिरवून जेवायचीस. तुझ्या ताटात भाकर नव्हती. उकडलेला पाला होता आणि वर भाकरीचा एक तुकडा, कोणी बघितलं तर दिसावा म्हणून. दोन बोटं धान्य ते होतं.

मी ताट तुझ्यासमोरून उचललं. तुला उपाशी राहायचं नाही असं सांगितलंय, मी म्हटलं, आणि आवाज चढला माझा. तू ताट परत ओढून घेतलंस. शांतपणे खात होतीस. मग मराठीत विचारलंस, म्हणजे बाला कळू नये म्हणून.

"मास्तरीण, रेघेचा उतार कशानं ठरतो?"

"खाणाऱ्या तोंडांनी."

"तोंडं किती?"

"चार."

"मग दोन कमी कर."

मी म्हटलं, भाभी, माणसं अशी कमी करता येत नाहीत. तू म्हणालीस, समीकरणात तर येतात. कणगीत आता टाकायला आपल्याकडे काही नाही, आठाचे नऊ होत नाहीत. उतारच तेवढा आपल्या हातात आहे.

मला तेव्हा वाटलं तू गंमत करतेस. तू कायम अशीच बोलायचीस, गंमत कुठे संपते ते समोरच्याला न कळू देता.

आठव्या बाजाराच्या दिवशी तू दादाला घेऊन बासमोर उभी राहिलीस. तुझ्या माहेरकडची टोळी फडावर निघाली होती, त्यांच्यात एका कोयत्याची जागा होती. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बा म्हणाला, घरातून निघायचं तर सगळ्यांनी, तसे अर्धे जात नाहीत. तू म्हणालीस, बा, कणगीत दाणा आहे, घर बंद करता येत नाही, तुमचाच नियम. तुम्ही दोघं कणसरीपाशी थांबा, आम्ही दोघं जातो. बाला त्याच्याच नियमात तू असं अडकवलंस की त्याला हलता येईना. दादा एवढंच म्हणाला की हिची तब्येत. तू त्याच्याकडे बघितलंस, तो कोयता शोधायला उठला. मी बोलायला तोंड उघडलं तर मला म्हणालीस, तू अभ्यासाला बस.

मोलगीपर्यंत मी तुमच्याबरोबर आले. बाजार भरला होता. थंडी अशी की जीपच्या टपावरचे लोक घोंगड्यात गुंडाळलेल्या पोत्यांसारखे दिसत होते. सगळ्या जीपा एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. तू मागच्या फळीवर बसलीस, गुडघे पोटाशी धरून, कारण थंडीत तुझे गुडघे सगळ्यात आधी दुखायला लागायचे. मला वाटलं, जाताना काही शहाणपणाचं सांगशील. तू म्हणालीस, "मी येईपर्यंत रेघ खाली टेकवू नकोस." आणि दादाला कोपर मारून म्हणालीस, बघ, तुझी बहीण रडते, गणित कच्चं आहे.

तुम्ही गेल्यावर घरात बा आणि मी. आता काठी बुडवायला बाजाराच्या दिवसाची वाट बघायची, आणि ठिपका काढायच्या आधी काठी दोनदा बुडवायची. दहाव्या बाजाराला साडेतीन विती. बाराव्याला तीन. जुनी रेघ तीन आणि दोन सांगत होती. नवे ठिपके तिच्यापासून सुटून वर चालले होते, पसरट, सावकाश, आपली वेगळी रेघ धरून. ती रेघ लांबवली तर परीक्षेच्या पार पलीकडे जात होती. मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण दोन रेघांच्या मधली ती फट बाजारागणिक रुंदावत होती, आणि मला दिसत होतं की त्या फटीत तू आहेस. जेवढं धान्य कणगीत शिल्लक दिसायचं, तेवढी तू कुठेतरी कमी होत होतीस. फडावर फोन लागायचा नाही. लागला तर दादा म्हणायचा, बरी आहे. मागून तुझा खोकला ऐकू यायचा.

होळीला सगळा डोंगर परत आला तेव्हा तूही आलीस. ढोल वाजत होते, पोरं अंगावर राख फासून मोरपिसांचे टोप घालून नाचत होती. तुला मी गर्दीत ओळखलं नाही. तू मला हाक मारलीस तेव्हा ओळखलं. डोळे पिवळे, हातांची हाडं वर आलेली. घरात शिरलीस ती आधी कुडापाशी गेलीस. दोन्ही रेघा बघितल्यास, नव्या रेघेवरून बोट फिरवलंस, आणि बोट अक्षाच्या वर थांबवलंस. म्हणालीस, चांगली आहे, घसरगुंडी नाही, पायवाट आहे.

परीक्षेत तो प्रश्न आला. समीकरणाचा आलेख काढा, तो अक्षांना कोठे छेदतो ते लिहा. आकडे दुसरे होते. हे तुला मी कधीच सांगितलं नाही, भाभी, की माझी पेन्सिल आडव्या अक्षाच्या चार बोटं वर थांबली होती. आलेखाच्या कागदावर चार बोटं म्हणजे अर्धं पान. तुझा आवाज आला. मग वाटलं, कणगीत अजून दाणा आहे, तू घरात चुलीपाशी बसलेली आहेस, आता टेकवली तर चालेल. टेकवली. अक्षाच्या खालीही नेली, दोन्ही टोकांना बाण काढले, कारण रेघ कुठेच थांबत नाही असं पुस्तक सांगतं.

पास झाले. आपल्या पाड्यातली पहिली पोरगी. अकरावी-बारावी, मग नंदुरबारला कॉलेज, गणित घेऊन. वसतिगृहात पोरी विचारायच्या, तुमच्या घरात कोण शिकलेलं. मी सांगायचे, माझी भाभी. नववी, आणि वर दहावीचा एक धडा. हे मी मान ताठ ठेवून सांगायचे, आजही सांगते.

दर हिवाळ्यात तू मोडायचीस आणि उन्हाळ्यात सांधायचीस. प्रत्येक वेळी थोडी कमी सांधायचीस. ते मला दिसत होतं. दवाखाने फिरत शेवटी चिंचपाड्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर पडलेलं, आणि तू रक्ताचे सगळे जुने कागद गादीवर मांडून बसलेली, पत्ते मांडतात तसे. मला म्हणालीस, हे ठिपके झाले, रेघ काढ. मी म्हटलं, माणूस म्हणजे कणगी नव्हे. रक्त भरलं की वर जातं, ताप आला की खाली येतं, ते सरळ रेघेत चालत नाही. मी बरोबर होते. गणितानं बरोबर होते.

"आता तू घाबरतेस खाली टेकवायला," तू म्हणालीस.

मी कागद गोळा करून पिशवीत टाकले. तू भिंतीकडे तोंड केलंस. थोड्या वेळानं म्हणालीस, बरं, खालचा छेद राहू दे. एक्स शून्य असताना मी किती होते, तेवढं तरी सांग.

मी त्याचं उत्तर दिलं नाही. नर्सबाई आल्या, बोलणं मोडलं. नंतर तूही विचारलं नाहीस, मीही काढलं नाही.

थंडीत तू गेलीस. घरीच, कणगीशेजारी. तिथेच झोपायचं म्हणत होतीस.

रडायला आलेल्या बायांत ती रांगोळीची म्हातारी होती. तिनं सगळ्यांसमोर म्हटलं, यांच्या घरात कणगी मोजली होती, काठी घालून, मोजलेलं सरतं. कोणी तिला गप्प केलं नाही. मी पदवीधर, शाळेत तासिकांवर गणित शिकवते, मला असल्या बोलण्याचा राग यायला हवा, आणि आला. पण खरं सांगते, मी कुडाकडे वळून बघितलंही. कुडावर ती जुनी अर्धी रेघ अजून होती. दर दिवाळीला तू सगळं घर लिंपायचीस आणि तेवढा तुकडा सोडायचीस. मला वाटलं ती आत्ता, सगळ्यांच्या देखत, राहिलेली चार बोटं उतरेल.

बोलला तो बा. तो अशा वेळी बोलत नाही. दाराशी बसूनच म्हणाला, "काठी मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बांबूला दाण्याचा वास येत होता." म्हातारी काही म्हणणार तोच त्यानं हात वर केला. "तिनं मोजलं म्हणून पुरलं."

दिवसकार्य झाल्यावर घर लिंपायचं ठरलं. बा म्हणाला, तेवढा तुकडा राहू द्या.

गेल्या आठवड्यात दहावीची उजळणी घेताना हाच धडा पुन्हा शिकवला. फळ्यावर रेघ ओढता ओढता माझा हात थांबला, तर पुढच्या बाकावरची एक पोर म्हणाली, बाई, टेकली नाही. मी टेकवली. ती म्हणाली, आता खाली पण न्या, बाण काढा. मी खाली नेली. नसलेलं पण मोजतात का, तू विचारलं होतंस. मोजतात, भाभी. सकाळी चार भाकरी थापते आणि तीन वाढते. दादा बासरी वाजवत नाही. बा संध्याकाळी दोनदा विचारतो, ती आली का. मी रोज त्या अक्षाच्या खालीच वावरते, आणि तिथेही रेघ सरळच चालते.

आणि तुझा राहिलेला प्रश्न. एक्स शून्य असताना तू किती होतीस? पाणवठ्यावर घागर टेकवून उभी, गालावर हसू, आणि सगळ्या बाया गप्प. तेवढी होतीस. त्याच्या वर त्या घरात काही नव्हतं.

आता शेवटचं, जे बघायला तू थांबली नाहीस. माझ्या पगारातून दिवाळीला कणगीत भर घातली होती, ते तुला माहीत आहे. परवा होळी झाली. सकाळी बा स्वतः उखळावर चढला, मला म्हणाला काठी दे, आणि बुडापर्यंत खुपसून बाहेर काढून माझ्यासमोर धरली. दोन विती दाणा होता. यंदा आपल्या घराला ताटी लागली नाही. यंदा आपल्या घरातून गुजरातला कोणी गेलं नाही.